डाव्या कानाची गोष्ट

"जोडीदार कुठाय?" नोंदणीच्या टेबलामागच्या बाईंनी विचारलं.

"पळाली..." ती म्हणाली.

लघुपट स्पर्धेचा नियम साधा होता. विषय कला, संस्कृती आणि विज्ञान, लांबी चार मिनिटं आणि बनवणारे दोघं : एक विज्ञानातला, एक कलेतला. ती रुग्णालयात लोकांचे कान तपासायची, म्हणजे विज्ञान हजर होतं. चित्रकार मैत्रिणीने मात्र आयत्या वेळी टांग दिली होती.

"माझंही तेच झालंय," मागून आवाज आला. "फक्त उलटं. विज्ञान पळालं, कला उरली."

तिने वळून पाहिलं. उंच, बाहीवर लाकडाचा भुसा, नखांत वॉर्निश... आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू. तो व्हायोलिनं दुरुस्त करायचा.

"मग सुटला की प्रश्न!" म्हणत बाईंनी दोघांना एकाच अर्जावर बसवून टाकलं.

हातात पंधरा दिवस होते. लाकडातून निघालेला सूर कानापर्यंत कसा पोचतो, ते दाखवायचं ठरलं. काम सुटलं की ती कॅमेरा घेऊन थेट त्याच्या दुकानात जायची. छताला टांगलेली बिनतारांची व्हायोलिनं, सरसाचा उग्र वास, खिडकीतून येणारं तिरकं ऊन... आणि तो. ती काही बोलली की तो मान वळवून अगदी जवळ यायचा. इतका, की पुढचं वाक्य ती विसरायची.

"सगळ्यांचं असंच ऐकता?" तिने एकदा विचारलं.

"छे. मोजक्यांचंच."

घरी मावशीने दोन दिवसांतच हेरलं. "आजकाल आरशाशी फार गप्पा चालल्यात," ती म्हणाली. ही लाजून आत पळाली.

दहाव्या दिवशी चित्रीकरण कापायला ती एकटीच संगणकासमोर बसली. एका दृश्यात कुरिअरवाला मध्येच आत आला होता. त्याने काहीतरी विचारलं, आणि... हा त्याच्याकडेही तसाच झुकला. तीच मान, तोच उजवा गाल. पुढच्या दृश्यात दुकानाशेजारच्या आजोबांकडेही तसाच!

तिला आधी हसू आलं. मग ते ओठांवरच थिजलं. दिवसभर कान तपासणाऱ्या तिला हे कळू नये? तो तिच्या ओढीने झुकत नव्हता. त्याला डाव्या कानाने ऐकूच येत नव्हतं. तिला वाईट वाटलं त्याच्यासाठी. थोडं स्वतःसाठीही वाटलं, आणि मग तसं वाटल्याचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम त्याच्या डावीकडे उभी राहिली. "तुमच्या बुटाची नाडी सुटलीय," हळूच म्हणाली. तो लाकूड घासत राहिला. तिने खांद्यावर हात ठेवला तेव्हा दचकला.

"कुरिअरवाल्याकडेही असेच झुकता. हे कधीपासून?" तिने विचारलं.

त्याने हातातलं लाकूड खाली ठेवलं. "तीन महिने झाले... बाबांचं असंच झालं होतं. आधी डावा, मग उजवा. त्यांनी दुकान माझ्या हवाली केलं आणि पुन्हा इथे पाऊल ठेवलं नाही."

"तपासलंत?"

"तपासलं नाही तोवर कान गेलेला नाही."

"उद्या दहाला रुग्णालयात या."

"आणि गेलाच असेल तर?"

"तर पुढचं काय करायचं ते मला येतं. न बघता काही करणं मात्र येत नाही."

तो आला, पण साडेदहाला. चेहरा पांढराफटक. तिने त्याच्या कानात उजेड टाकला. तिने पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग मटकन स्टुलावर बसली आणि हसत सुटली.

"काय झालं?" तो घाबरून म्हणाला.

"मळ! खडा झालाय नुसता. वर तुमचा भुसा!"

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी पाच मिनिटांत मळ काढला. तो जागेवरच खिळला. "हा पंखा... एवढा आवाज करतो?"

"पहिल्यापासून," ती म्हणाली, आणि त्याचे भरून आलेले डोळे तिला दिसलेच नाहीत असं दाखवलं.

बाबांमुळे पूर्ण तपासणी करायची होती. तो काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसला, ती बाहेर माईकपाशी. बारीकसारीक सगळे सूर त्याने टिपले. मग शब्द. ती म्हणेल ते त्याने परत म्हणायचं, आवाज दर वेळी आणखी हळू.

"साखर."

"साखर."

"बदक."

"बदक."

तिने आवाज अगदी तळाला नेला. डावा कान. ओठ जेमतेम हलले...

"तू मला आवडतोस."

आत त्याने मान वर केली. ऐकू नाही गेलं? की गेलं?

"हे परत नाही म्हणणार," तो काचेपलीकडून म्हणाला. "याला उत्तर द्यायचं असतं."

"मग द्या की!"

"पुन्हा 'द्या'? आत्ता तर 'तू' होतो..." तो हसला. "मलाही. त्या नोंदणीच्या टेबलापासून. आणि ऐक, कुरिअरवाल्याकडे मी कानासाठी झुकायचो. तुझ्याकडे झुकताना कानाचं निमित्त होतं."

त्या संध्याकाळी त्याने बाबांना कागदावर सगळं लिहून दाखवलं. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि चपला घातल्या. कित्येक वर्षांनी ते दुकानात आले. मुलगा वाजवत असताना त्यांनी व्हायोलिनच्या पाठीवर तळवा टेकवला, डोळे मिटले आणि त्यांची बोटं ठेका धरू लागली. तिने श्वास रोखून ते टिपलं. लघुपट तिथेच संपवला.

निकालाच्या दिवशी पहिलं बक्षीस भलत्यालाच गेलं, यांना दुसरं मिळालं. टाळ्या वाजत होत्या, ते दोघं बाबांच्या मागच्या रांगेत बसले होते. त्याने हळूच तिचा हात हातात घेतला.

"बाबांना कधी सांगायचं?" ती पुटपुटली.

"घरी गेल्यावर... कागदावर लिहून."

बाबा सावकाश मागे वळले. गुंफलेल्या बोटांकडे आणि मुलाच्या खिशातल्या कागद-पेनाकडे त्यांनी एकवार पाहिलं.

"कागद कशाला वाया घालवता?" ते सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "माझे फक्त कान गेलेत!"