खिळ्याची जागा

रोह्यात कुंडलिका नदीच्या पुलावर ती मधोमध उभी होती. चालता चालता थबकली असं नव्हे, चक्क खांबासारखी उभी. पाय जुळवलेले, मान ताठ आणि उजवा हात छातीवर. कंपनीचा पाचचा भोंगा वाजत होता... आणि तिच्या मागे एका टेम्पोचे ब्रेक कर्रकन किंचाळले.

"ओ मॅडम! पाया पडायचं तर कडेला उभं राहून पडा की! देव काय पळून जात नाय!"

भोंगा थांबला तशी ती भानावर आली आणि वळली. टेम्पोच्या हौद्यात पेंढ्यात रोवलेले गणपती बसले होते. पांढरे शुभ्र, बिनरंगाचे, बिनडोळ्यांचे. खिडकीतून एक तरुण डोकावत होता. त्याच्या कानाच्या पाळीला गुलाबी रंग लागला होता. चेहरा रागावलेला करू पाहत होता, पण ओठ ऐकत नव्हते.

"कुठला देव?" तिने विचारलं.

"कुठला म्हणजे? मागं बसलेत ते काय वऱ्हाडी हायत?"

"मला नाय दिसले. मी भोंग्याला उभी राहिले."

पायात महागाचे बूट, कापलेले केस, उच्चार परक्या वळणाचे... आणि शब्द मात्र त्याच्या आजीच्या तोंडचे! तो बघतच राहिला.

"भोंग्याला लोक धावतात, बाय. शिफ्ट सुटते. उभं कोण राहतं?"

"आमच्याकडं राहतात."

"आमच्याकडं म्हंजे कुठं?"

या प्रश्नाचं उत्तर तिला कधीच नीट देता आलं नव्हतं. "लांब हाय," एवढंच म्हणून ती चालू लागली. पुलाच्या टोकाशी तिने हळूच मागे पाहिलं. टेम्पो अजून तिथेच होता, आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवून वाजवून बेजार झाल्या होत्या.

तिचं नाव किमया. तिचे बाबा मूळचे रोह्याजवळच्या वरसे गावचे. तरुणपणी घरी न सांगता ते बोटीवर खलाशी म्हणून गेले, अमेरिकेत उतरले आणि पुढे तिथल्या लष्करात शिरले. त्यामुळे किमयाचं बालपण अमेरिकेतही गेलं नाही. ते गेलं जर्मनीत, कोरियात, ओकिनावात, अमेरिकी फौजेच्या कुंपणाआड, सैनिकांच्या कुटुंबांसाठी बांधलेल्या एकसारख्या घरांत. बाबांनी घरात मराठी जपली ती रोह्याचीच. दोन वर्षांपूर्वी ते गेले. एकदाही परत न येता. आई टेक्सासला मावशीच्या शेजारी राहायला गेली, आणि किमया आपला लॅपटॉप घेऊन पावसाळ्यापुरती वरसेला, सगुणा आत्याकडे आली होती. बाबांनी ज्या घराबद्दल इतकं सांगितलं ते एकदा डोळ्यांनी बघावं, म्हणून. परतीचं तिकीट गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवसाचं होतं.

"चतुर्थी टाकून कुणी जातं का गो?" आत्या पहिल्याच दिवशी म्हणाली होती. मग तिने तो विषय काढला नाही. नागपंचमीच्या आधी मात्र तिने फळीवरून एक जुना सागवानी पाट काढला. "हा पेणला गणपतीच्या कारखान्यात देऊन ये. आपला गणपती याच पाटावर बसून येतो. मूर्ती जाते पाण्यात, पाट येतो घरी. जरा पुसून ने."

पाटाच्या कडेला पितळेचे छोटे खिळे ओळीने ठोकलेले होते, आणि त्यांच्यामध्ये एक रिकामं भोक. किमयाने पाट पुसला, घासला, उन्हात ठेवला. ते भोक काही तिला बघवेना. हात आपोआप मोरीतल्या फळीकडे गेला. भोकात टूथपेस्ट भरली, बोटाने सपाट केली, आणि जुन्या सवयीप्रमाणे एक पाऊल मागे सरून पाहिलं. झकास! काही दिसत नव्हतं.

पेणला जाणाऱ्या गाडीत पाट मांडीवर घेऊन ती बसली. कासू स्टेशन गेलं. खिडकीबाहेर भाताची खाचरं हिरवी लखलखत होती, आणि ऊन-पाऊस एकमेकांच्या खोड्या काढत होते.

कारखान्याच्या दारात ती जी थांबली, ती थांबलीच. आत, जमिनीपासून छतापर्यंत, फळ्यांवर, पोत्यांवर, चाकांवर गणपतीच गणपती. सगळे पांढरे, सगळे एकसारखे, सगळे डोळ्यांची वाट बघत बसलेले. जर्मनीतल्या त्या वसाहतीत लहानपणी पहिल्यांदा उतरली होती तेव्हा असंच वाटलं होतं. ओळीने उभ्या पांढऱ्या इमारती, सारखे जिने, सारखी दारं... आणि त्यात आपलं घर कुठलं, या विचाराने छातीत झालेली धडधड.

"आज पण भोंगा वाजला काय?"

मागे तोच होता. कानाला आज निळा रंग. नाव प्रविण. कारखाना त्याच्या वडिलांचा, मूर्तींचे डोळे रेखण्याचं काम मात्र त्याचं. त्याने पाट हातात घेतला, उलटा-सुलटा केला, आणि नाकाशी नेला.

"पुदिना?" त्याने पुन्हा हुंगलं. "वरसेच्या सगुणाआत्यांचा पाट ना हा? याला पुदिन्याचा वास कसला?"

"भोक होतं. बुजवलं मी. टूथपेस्टनं."

तो इतका हसला की शेजारच्या चाकावर माती लावणाऱ्या ठमाबाईंचा हात हलला. "मेल्या, सोंड वाकडी झाली ना!" त्या ओरडल्या.

"हसायला काय झालं?" किमयाचे गाल तापले. "आमच्या बेसवर सगळी तसंच करायची. बदलीचा हुकूम आला की घर परत द्यायचं. तपासणीला माणूस यायचा. भिंतीवर खिळ्याचं एकही भोक दिसायला नको. मग आम्ही पोरं टूथपेस्ट घेऊन भिंतीभिंतींनी फिरायचो. घर असं करून द्यायचं, की... की जणू त्यात कुणी राहिलंच नव्हतं."

प्रविणचं हसू विरलं. पाट त्याने मांडीवर घेतला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "हे भोक तेवढं बुजवायला नको होतं. आत्या दरवर्षी बजावून जातात. त्यात रंग जाता कामा नये, माती जाता कामा नये. का, ते मला नाय माहीत."

संध्याकाळी तिने आत्याला विचारलं. आत्या तांदूळ निवडता निवडता थांबली.

"आपल्या घरात मूल जन्मलं की आबा, तुझे आजोबा, पाटावर खिळा ठोकायचे. ते भोक तुझ्या बापाच्या खिळ्याचं. त्यानं परक्या देशाची वर्दी घातली असं कळलं, त्या दिवशी आबांनी खिळा उपटला. फेकणार होते... मी उचलला." आत्याने देव्हाऱ्यातला कुंकवाचा करंडा उघडला. तळाशी एक काळवंडलेला पितळी खिळा होता. "वाटलं, येईल कधीतरी. आला की परत मारायचा. जागा रिकामी ठेवली होती गो त्याची."

किमयाला रडूच कोसळलं. बाबांची जागा तिने स्वतःच्या हाताने बुजवली होती. झकास म्हणून, मागे सरून पाहिली होती!

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पेणला गेली. पेस्ट काढायला म्हणून. ती वाळून कडक झालेली. प्रविणने सुई दिली, भिंग दिलं, आणि शेजारी बसून डोळे रेखू लागला. मग ती रोजच येऊ लागली. पेस्ट केव्हाच निघाली होती... पण हे दोघांपैकी कुणी बोललं नाही.

ती सांगत राहायची. बाबांनी जर्मनीत एकदा सुकट भाजली तेव्हा वासाने अख्खा जिना खाली धावला आणि आगीचा बंब आला. बाबा बंबवाल्यांना म्हणाले, जेवूनच जा. सामान बांधणाऱ्यांनी कचऱ्याची बादली कचऱ्यासकट बांधली. ती ओकिनावात उघडली, तर आत जर्मनीतली बटाट्याची सालं! कोरियात तिला सगळे किम म्हणायचे. ते तिकडचं घरोघरचं आडनाव, म्हणून बाजारातल्या बाया विचारायच्या, कुठल्या गावची किम?

"आणि भोंगा?" त्याने विचारलं.

ती सावकाश बोलू लागली. "पाच वाजता बिगुल वाजायचा. झेंडा उतरायचा. आम्ही लपाछपी खेळत असायचो, सायकलवर असायचो... जिथं असू तिथं थांबायचो. गाड्या थांबायच्या, माणसं उतरून उभी राहायची. घसरगुंडीवरचं पोर अर्ध्यात पाय रोवून उभं! सगळं जग श्वास धरून... मला वाटायचं, आता सूर्यसुद्धा थांबला असेल. मैत्रिणी जायच्या, घरं जायची, शाळा जायच्या. पण पाच वाजता सगळी एकत्र थांबायची. तेवढंच काय ते माझं गाव, प्रविण."

त्याच्या हातातला कुंचला मूर्तीच्या डोळ्यापाशी तसाच थांबला होता. "मग... इकडं बघ," तो म्हणाला. श्वास रोखून त्याने एकच बारीक काळी रेघ ओढली, आणि बुबुळात पांढरा ठिपका ठेवला.

किमया मागे सरली. आत्तापर्यंत मातीच होती ती. आता कुणीतरी तिच्याकडे बघत होतं. शेजारच्या मूर्तीला त्याने तसेच डोळे रेखले, तरी नजर वेगळी. तिसरीची आणखी वेगळी! ती थक्क होऊन बघत राहिली. कधी मूर्तीकडे, कधी त्या रंगलेल्या बोटांकडे.

"अशी नको बघू गो," तो पुटपुटला. "हात कापतो."

"मी मूर्तीकडं बघते."

"मूर्ती इकडं हाय. तू तिकडं बघतेस."

ठमाबाई मोठ्याने खोकल्या.

दिवस सरत गेले, मूर्ती रंगत गेल्या. एका दुपारी त्याने खाली मान घालून विचारलं, "तिकीट कधीचं?"

"चतुर्थीच्या आदल्या दिवसाचं."

तो बराच वेळ एकच कुंचला धूत राहिला. "ज्यानं पाट दिला त्यानंच मूर्ती न्यायची असते," शेवटी म्हणाला.

"असा नियम हाय?"

"आजपासून हाय."

ती हसली. पण परतीच्या गाडीत तिला हसू येईना. निघून जाण्यात ती तरबेज होती. पेट्या भरायच्या, भोकं बुजवायची, मागे वळून पाहायचं नाही. राहायचं कसं, हे मात्र तिला कुणी शिकवलं नव्हतं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी कारखान्यात नुसती झुंबड उडाली होती. ज्याला त्याला आपापला पाट हवा होता. प्रविण सकाळपासून दाराकडे बघत होता. दुपार झाली. विमानाची वेळ टळून गेली. ठमाबाईंनी चहा पुढे सरकवला.

आणि दारात ती उभी होती. भिजलेली, धापा टाकणारी, मूठ घट्ट मिटलेली.

"विमान?" त्याने विचारलं.

"गेलं."

"आणि तू?"

"नियम हाय ना."

सगुणाआत्याचा पाट त्याने रिकामाच ठेवला होता. मूर्ती बाजूला, डोळे उघडे. "आधी खिळा, मग देव," तो म्हणाला. "ठोकाठोकीत हादरा नको त्याला." त्याने हातोडी पुढे केली. "घरच्या माणसानं मारायचा."

"मला येत नाय. उभ्या जन्मात मी खिळा मारलेला नाय. फक्त काढलेत."

"भोक जुनंच हाय. तो आपोआप वाट धरील."

तिने मुठीतला बाबांचा काळवंडलेला खिळा भोकावर ठेवला. पहिला ठोका घाबरत. दुसऱ्याला खिळा असा सरळ आत गेला, जणू एवढी वर्षं नुसता दाराबाहेर उभा होता. किमयाने त्यावर बोट ठेवलं. बुजवलेल्या जागेचा सपाटपणा नव्हता तिथे. उंचवटा होता. हाताला लागणारा.

मूर्ती पाटावर बसली. टेम्पोत प्रविणच्या शेजारी किमया, तिच्या मांडीवर देव. नदीअलीकडच्या अष्टमी गावात एक मूर्ती पोचवून टेम्पो पुलावर आला, आणि कंपनीचा भोंगा वाजला.

तिने सवयीने श्वास धरला. एवढ्यात कर्रकन ब्रेक लागला. यावेळी त्याने आपणहून लावला होता. प्रविण उतरला, रस्त्याच्या मधोमध पाय जुळवून उभा राहिला, आणि रंगलेला हात छातीवर ठेवला. मागून हॉर्न, शिव्या, "अरे ए पेणकर, मेलास काय!" पण तो हलला नाही. खाली कुंडलिका भरून वाहत होती. किमयाने देवाला सीटवर नीट टेकवलं, खाली उतरली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली, एक मूठ अजून मिटलेलीच.

भोंगा थांबला. दोघं थांबलेलीच.

"मुठीत अजून काय हाय?" समोर बघतच त्याने विचारलं.

तिने मूठ उघडली. नवा कोरा, चमचमता पितळी खिळा. "आत्यानं दिला. माझा. म्हणाली, जिथं राहशील तिथल्या पाटावर मार." ती अडखळली. "तुमच्या घरच्या पाटाला... भोक पाडलेलं चालेल?"

प्रविणने तो खिळा तिच्या तळहातावरून उचलला नाही. तिचा हातच मिटला, स्वतःच्या मुठीत.

"चालेल," तो म्हणाला. "पण पुन्हा बुजवायचं नाय हां."