मास्तरांच्या नाकाखालचं पीस

मी ऑर्गनच्या पोटात होते, म्हणजे अक्षरशः. प्रार्थनामंदिरातल्या त्या जुन्या वाद्याचा भाता कुठेतरी हवा सोडत होता आणि वाद्यं दुरुस्त करणाऱ्या बाबांचे गुडघे दुखतात म्हणून शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. हातात कबुतराचं पीस. शिवणीपाशी धरायचं, थरथरलं की तिथे भोक. शाळा मी चौथीत सोडली, पण हवा माझ्यापासून कधी लपली नाही.

बाहेरून आवाज आला, "श्वास... वारा... आत्मा. श्वास... वारा..."

मी कोळिष्टकांसकट डोकं बाहेर काढलं. एक किडकिडीत तरुण रिकाम्या बाकांना शिकवत होता. (पुढे त्याला 'हे' म्हणावं लागलं, पण तेव्हा अजून 'तो' म्हणायची मुभा होती.) मला बघितलं आणि गप्प! चेहरा आधी लाल, मग जांभळा.

मी सवयीने पीस त्याच्या नाकाखाली धरलं. हलेचना.

"अहो, श्वास घ्या!"

तेव्हा कुठे पीस उडालं.

"माफ करा," तो धापा टाकत म्हणाला, "घाबरलो की श्वास घ्यायचा राहूनच जातो."

"आणि शिकवताय काय?"

"न्यूमा. नव्या करारातला ग्रीक शब्द. श्वासाला तोच, वाऱ्याला तोच, आत्म्यालाही तोच."

"तीन कामांना एकच शब्द? एवढे गरीब होते का हो ग्रीक लोक?"

तो हसला. हसताना त्याचा श्वास छान चालत होता. हे मी लक्षात ठेवलं.

रविवारी त्याचं परीक्षेचं व्याख्यान होतं. पसंत पडलं तर इथल्या पाद्री घडवणाऱ्या पाठशाळेत ग्रीकच्या मास्तरची जागा, नाहीतर सोमवारच्या गाडीने कायमचा परत. तो रोज सरावाला यायचा आणि मला रोज भात्यात नवं भोक सापडायचं.

"पोरी," बाबा म्हणाले, "हा भाता आहे की चाळणी?"

"तुम्ही गुडघे शेका."

शुक्रवारी तो सांगत होता, "प्रभूने शिष्यांना आत्मा दिला तो कसा? त्यांच्यावर फुंकर घालून. इतक्या जवळून..."

"किती जवळून?" मी विचारलं.

पुन्हा जांभळा. पुन्हा पीस.

रविवारी बाकं गच्च भरली. मास्तर झकास सुरू झाले. मग मी ऑर्गनच्या आडून जराशी डोकावले... चूक माझीच. त्या दिवशी मी केस विंचरले होते आणि निळं पातळ नेसले होते. त्याने बघितलं, आणि संपलं! तोंड उघडं, आवाज बंद. पहिल्या बाकावरचे पाठशाळेचे मुख्य घड्याळ बघायला लागले. माझ्या डोळ्यांपुढे सोमवारची गाडी उभी राहिली.

भर सभेत पीस घेऊन कशी धावणार? मी भात्यावर पाय दिला आणि सगळ्यात खालचा सूर दाबला. ऑर्गन असा हंबरला की मुख्यांचा चष्मा नाकावरून घसरला. मास्तर दचकले, आणि दचकताना भसकन श्वास आत गेला. मग मी सूर सोडला आणि नुसता भाता हलवत राहिले, वर... खाली... वर... खाली. भात्याच्या करकरीबरोबर त्याची छाती हलायला लागली.

"ऐकलंत?" तो सभेला म्हणाला. "आत हवा नसेल तर एवढं मोठं वाद्य म्हणजे नुसतं लाकूड. ती हवा दिसत नाही. एखादं पीस हलतं, तेवढीच तिची खूण. आत्मा म्हणजे काय, हे मी पुस्तकात सहा वर्षं शोधलं. इथे पाच दिवसांत कळलं."

जागा त्यालाच मिळाली. मुख्य म्हणाले, ऑर्गनचा उपयोग मोठा कल्पक होता!

सगळे पांगल्यावर तो ऑर्गनमागे आला.

"जागा मिळाली. राहायला... दोन खोल्याही आहेत. एकट्याला जरा... म्हणजे तुम्ही जर..."

आणि अडकला. मी कपाळावर हात मारला, पीस काढलं, त्याच्या नाकाखाली धरलं.

ते हलत होतं. चांगलं भराभर हलत होतं.

"माझ्याशी लग्न कराल?" तो एका दमात म्हणाला.

त्याने हळूच माझ्या हातातून पीस घेतलं, माझ्या नाकाखाली धरलं, आणि असा गालात हसला की त्यासाठी मी त्याला आजवर माफ केलेलं नाही.

"अहो बाई," म्हणाला, "श्वास घ्या!"