नऊ नंबरच्या खोलीचा थंडगार निरोप

लसींच्या शीतगृहातली नऊ नंबरची खोली सोमवार-मंगळवार दोन्ही दिवस तापत होती, आणि तिच्यातली तापमान कळवणारी डबी मात्र "चार अंश, सगळं झकास!" असा निरोप धाडत होती. बुधवारी कुप्यांवरच्या रंगखुणा उष्णतेनं काळ्या पडलेल्या दिसल्या, तेव्हा कुठे लोकांचे डोळे उघडले.

"कुणीतरी डब्यांच्या जाळ्यात शिरून खोटे आकडे घुसवले," व्यवस्थापकांनी निकाल देऊन टाकला. "जाळंच कच्चं! पाच वाजता संचालकांना पत्र जाणार. बाईंचं काम बंद."

बाई म्हणजे हे बिनतारी जाळं विणणारी इंजिनिअर. तीन वर्षांची मेहनत पाण्यात जायची वेळ आली, तशी ती वहिनींकडे धावली.

वहिनी खासगी गुप्तहेर. त्यांचे दीर, भाऊजी, मदतनीस. पिशवी धरणं आणि चुकीचा अंदाज बांधणं, ही दोन कामं भाऊजी चोख करत.

"डबीचा आवाज पोचतो किती?" वहिनींनी विचारलं.

"जेमतेम पंधरा पावलं. म्हणून कानगोष्टीसारखं चालतं. नऊची डबी सातला सांगते, सात पाचला, पाच दोनला, आणि दोन ऑफिसातल्या यंत्राला. निरोप कुणाकुणाच्या हातून आला, त्याची नोंद राहते. मजकुराला कुलूप असतं, मधल्यांना तो वाचता येत नाही."

"कुलूप फोडलं असेल!" भाऊजी म्हणाले.

"भाऊजी, पिशवी सांभाळा."

वहिनींनी दोन दिवसांच्या नोंदी पाहिल्या. नऊचे निरोप थेट यंत्राकडे आलेले, मध्ये कुणी नाही. रोज नऊ, एक आणि पाच वाजता पारा किंचित चढून उतरलेला. बुधवारी सकाळपासून पुन्हा जुनीच वाट.

भांडारपाल सापडला पार बारा नंबरपलीकडच्या खोलीत. "मी दोन दिवस इकडेच आहे, नऊचं दारच उघडलं नाही, ताई. खोली धुवायची असली की डबी उचलून शेजारच्या खोलीत ठेवतो, नाहीतर गजर केकाटतो. सगळेच करतात."

मेकॅनिक तळघरातून हात पुसत आला. "मी आजच कामावर आलो. मला विचारलंच कुणी?"

व्यवस्थापकांची केबिन यंत्राला लागून. वहिनी बोलत असताना एकचा ठोका पडला. व्यवस्थापकांनी कोपऱ्यातला छोटा फ्रिज उघडून बाटली काढली, डोळ्यात दोन थेंब टाकले. "नऊ, एक, पाच. डॉक्टरांची सक्त ताकीद."

पावणेपाचला वहिनींनी सगळ्यांना केबिनमध्ये जमवलं.

"कुलूप कुणी फोडलं नाही. आकडे खरेच होते, फक्त नऊच्या खोलीचे नव्हते."

भाऊजींनी आ वासला.

"पंधरा पावलं पोचणारी डबी थेट यंत्राशी बोलली, म्हणजे ती यंत्राजवळ होती. तिथे चार अंश थंडी असलेली जागा एकच. भांडारपाल दूर, मेकॅनिक गैरहजर. आणि दार बंद असलेल्या खोलीत पारा दिवसातून तीनदा हलेल कसा? फ्रिज उघडला की हलतो. नऊ, एक, पाच. थेंब घातलेत ना साहेब, वेळेवर?"

व्यवस्थापक खुर्चीत खचले. "सोमवारी कॉम्प्रेसर बंद दिसला. मेकॅनिक बुधवारी येणार. म्हटलं, दार बंद ठेवलं तर थंडावा टिकेल, गजर वाजून शोभा नको. डबी दुसऱ्या खोलीत ठेवली असती, तर तिथे दोन डब्या दिसल्या असत्या, म्हणून फ्रिजमध्ये..."

"लसी गेल्या, आणि बोट माझ्याकडे!" इंजिनिअर कडाडली. मग म्हणाली, "पण चूक माझीही आहे. मी कुलूप भक्कम केलं. डबी जागेवरून हलली तर तिनं बोंब मारावी, हे मात्र शिकवलं नाही. वाट बदललेली नोंदीत होती, कुणी पाहिलीच नाही."

"ते उद्या शिकवा," वहिनी म्हणाल्या. "साहेब, पाच वाजत आले. पत्राचं काय?"

व्यवस्थापकांनी पत्र पुढे ओढलं. फाडलं नाही. इंजिनिअरचं नाव खोडून तिथे स्वतःचं लिहिलं, खाली सही केली, आणि पत्र ठरल्या वेळेला गेलं.