ताशी आठशे माणसं आणि एक नाव

कानाएने त्याला गुलाबी कार्ड दिलं, कारण रांगेत तो सगळ्यात शेवटी उभा होता. बाकी काही कारण नव्हतं.

ओसाकाच्या खाडीकाठी असलेल्या त्या थीम पार्कमध्ये रांगेची वेळ अशीच मोजतात. शेवटच्या माणसाच्या हातात वेळ लिहिलेलं कार्ड द्यायचं. तो पाळण्यापाशी पोचला की तिथला कर्मचारी ते परत घेतो. मधे जितकी मिनिटं गेली, तितकी बाहेरच्या पाटीवर लावतात. त्या दिवशी रांग जेमतेम पस्तीस मिनिटांची होती. कार्ड परत आलं एकशेदहा मिनिटांनी.

नियमाप्रमाणे पाटीवर ११० लागले. लोक पाटी बघत आणि पाठ फिरवत. पाळणा रिकामा फिरायला लागला. कानाएच्या वरिष्ठ, ओगुरोबाई, फोनवर शांतपणे म्हणाल्या की कार्ड पुतळ्याला दिलं होतंस का, एवढं बघून ये.

ऑक्टोबरचा बारीक पाऊस पडत होता. छत्री न घेताच ती बाहेर पडायच्या दाराशी पळाली. तो तिथेच उभा होता, चष्म्याच्या काचा पुसत.

“तुम्ही वाटेत झोपला होतात का?” तिने जमेल तितक्या अदबीने विचारलं.

“नाही... मागे एक आजोबा होते, नातीला घेऊन. त्यांना पुढे सोडलं. मग त्यांच्या मागच्यांना नाही म्हणणं बरं दिसेना—”

“किती जणांना सोडलंत?”

“मोजले नाहीत. रांगेतच बरं वाटत होतं. पाळण्यात काय, तीनच मिनिटं बसायला मिळालं.”

तिला रागवायचं होतं. पण त्याने इतकं खाली वाकून माफी मागितली की केसांतलं पाणी तिच्या बुटांवर ठिबकलं, आणि तिला हसू आलं.

सोमवारी बैठकीच्या खोलीत तोच माणूस आत आला. तिला बघून तो दारातच थांबला, आणि त्याचे कान लाल झाले.

त्याचं आडनाव फुकुमा. मात्सुए या तळ्याकाठच्या गावातल्या सात माणसांच्या कंपनीत तो गेम रचायचा, आणि त्यांचा ‘धुक्यातली नाव’ हा व्हिडिओ गेम पोराटोरांपासून आजीआजोबांपर्यंत सगळे खेळत होते. त्याचे तीन भाग निघाले होते. तिन्हींत करायचं एकच. लहानशा नावेत एकट्याने बसायचं, बांबूने पाणी ढकलायचं आणि धुक्यातून ऐकू येईल त्या आवाजाकडे जायचं. कुणी शत्रू नाही, कुणाशी शर्यत नाही. पार्कच्या मोकळ्या कोपऱ्यात नवा विभाग उभारायचा होता. हा गेम तिथे शोभेल की नाही, हे नोव्हेंबरअखेर लिहून द्यायचं काम रांगांचा हिशेब ठेवणाऱ्या कानाएकडे आलं. ती ‘हो’ म्हणाली तर बांधकाम तीन वर्षं चालणार होतं, आणि ती तीन वर्षं फुकुमाला ओसाकात राहावं लागणार होतं.

तेव्हा हे तिला फक्त वेळापत्रकातली एक ओळ वाटलं.

मग गुरुवार सुरू झाले. दर गुरुवारी तो पहाटेच्या बसने यायचा आणि संध्याकाळच्या आत परत जायचा. येताना तळ्यातल्या इवल्याशा शिंपल्यांची पुडी आणायचा आणि सार कसं करायचं ते सांगायचा. दुसऱ्या आठवड्यात तिने कबूल केलं की शिंपले उघडलेच नाहीत. तो गंभीरपणे म्हणाला की तेही तिला बिचकले असतील. तिसऱ्या आठवड्यात तिने त्याला विचारलं की गेममध्ये एकटंच का बसायचं, शेजारी कुणी असलं तर काय बिघडतं. त्याने बराच वेळ पेन्सिल फिरवली... आणि म्हणाला की शेजारी कुणाला बसवायचं, ते त्याला इतके दिवस सुचलं नव्हतं. मग खाली बघून नकाशाला टोक करायला लागला. नकाशाला टोक नसतं, पेन्सिलीला असतं, हे दोघांच्याही जरा उशिरा लक्षात आलं.

त्या आठवड्यात शुक्रवारपासूनच तिला गुरुवारची वाट बघावीशी वाटू लागली. अहवालाची वही उघडली की हात आपोआप ‘हो’कडे झुकायचा. तिला त्याचीच भीती वाटली. हे मत तिचं होतं, की त्या तीन वर्षांचं?

नोव्हेंबरच्या मध्यावर गोदामात चाचणी झाली. पुठ्ठ्याचे काठ, चाकं लावलेल्या पुठ्ठ्याच्या चाळीस नावा, धुराच्या यंत्रातलं धुकं. पाहुणे म्हणून कार्यालयातलेच लोक बसवले. तासाला आठशे माणसं आतून बाहेर पडायला हवी होती. त्याहून कमी झाली तर बाहेरची रांग संपत नाही, असा पार्कचा हिशेब.

पहिल्याच अरुंद वळणावर दोन नावा समोरासमोर आल्या.

“आधी तुम्ही.”

“छे छे, आधी तुम्ही.”

दोघेही थांबले. मागचे थांबले. थांबावं लागलं म्हणून मागच्यांनी पुढच्यांची माफी मागितली आणि पुढच्यांनी मागच्यांची. कुणीच बांबू उचलेना. शेवटी उपाहारगृहातल्या एका मावशींनी पिशवीतून गोळ्या काढल्या, आणि त्या गोळ्या नावेतून नावेत फिरायला लागल्या. धुक्यात चाळीस माणसं गोळ्या चघळत, हळू आवाजात हसत बसून राहिली. फुकुमा काठावरून बघत होता. त्याचा चेहरा दिवा लावल्यासारखा उजळला होता. कानाएने त्याच्याकडे पाहिलं, आणि मग घड्याळाकडे बघायचं विसरली.

आकडा आला एकशेसत्तर.

दुपारी वीस-वीस जणांच्या मोठ्या नावा आणल्या, जमिनीत बसवलेल्या रुळावरून आपोआप जाणाऱ्या. आकडा आठशेवीस. ओगुरोबाई खूश झाल्या. फुकुमाच्या मालकांनीही फोनवर मान्यता दिली. पण कानाएने नावांमधले चेहरे पाहिले होते. निम्मे लोक मोबाइल बघत होते, उरलेले पुढच्याच्या डोक्याकडे. ही नाव नव्हती, बस होती. फुकुमा मात्र काहीच बोलला नाही.

शेवटच्या गुरुवारी सकाळी तिने अहवाल दिला. त्यात लिहिलं होतं, हा गेम शोभत नाही. एकट्याने, सावकाश जाणं हाच त्याचा जीव आहे. आठशे माणसांसाठी तो काढून घेतला तर फक्त नाव आणि धूर उरतो.

ओगुरोबाईंनी चष्मा खाली केला. “यात सगळ्यात जास्त नुकसान कुणाचं आहे, माहीत आहे ना?”

“माझं,” कानाए म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग टेबलाचा खण उघडून आपला मंजुरीचा शिक्का काढला आणि कागदावर उमटवला.

फुकुमाला ते कुणा दुसऱ्याकडून कळू नये, म्हणून ती त्याला सोडायला ओसाकातल्या उमेदा भागातल्या बस स्थानकापर्यंत गेली. दुपारचे चार वाजायला आले होते. पुन्हा तोच बारीक पाऊस. तिने एका दमात सांगून टाकलं आणि माफी मागितली.

“बरोबर लिहिलंत,” तो म्हणाला. “मोठ्या नावा बघितल्या, तेव्हाच मला कळलं होतं. मालक दोन दिवस कुरकुरतील, मग चौथा भाग काढायला घेतील.”

“मग चाचणीनंतर बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर... गुरुवार संपले असते.”

बस येऊन लागली. लोक चढायला लागले. तो हलला नाही.

“तीन वर्षं मिळतील असं धरून चाललो होतो,” तो म्हणाला. “दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात कधीतरी बोलेन, असं ठरवलं होतं. आता चार मिनिटं आहेत.”

तिने छत्री त्याच्या बाजूला झुकवली. जपानात हे मनातलं तोंडाने सांगावंच लागतं. नुसत्या बघण्याने काही सुरू झालं असं कुणी मानत नाही. हे तिला ठाऊक होतं, त्यालाही. म्हणून ती थांबली, त्याला घाई न करता.

“तेरामोतो-सान,” त्याने तिला आडनावाने हाक मारली. “तुम्ही मला आवडता. आपण भेटत राहू या का... कामाशिवाय?”

आणि तो वाकला. वाकलेलाच राहिला. बसच्या खिडक्यांमधून डोकी वळली. चालकाने मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि खिशातला रुमाल काढून, आधीच स्वच्छ असलेली काच पुसायला घेतली.

“डोकं वर करा,” कानाए म्हणाली. “सगळे बघतायत.”

“बघू देत. उत्तर—”

“मलाही आवडता. कधीपासून, ते विचारू नका.”

तो सरळ झाला, तेव्हा चष्म्यावर इतकं पाणी होतं की त्याला ती नीट दिसतही नसावी. तरी तो बघत राहिला.

“शनिवारी मी येते,” ती म्हणाली. “तळ्यावर सकाळी धुकं असतं ना?”

“असतं बहुतेक. पण ते माझ्या हातात नाही.”

“नसलं तर तळं बघू.”

बस वळणावरून दिसेनाशी झाल्यावर कानाए तिकिटाच्या खिडकीशी गेली. शनिवारची पहाटेची पहिली बस, मात्सुए, तिने सांगितलं. आतल्या मुलीने विचारलं की आसन कुठलं हवं. कानाएने उत्तर द्यायच्या आधी स्वतःच विचारलं की तळं कुठल्या बाजूला येतं.

मुलीला ठाऊक नव्हतं. ती मागे जाऊन विचारून आली.

“उजवीकडे,” ती म्हणाली.

“मग उजवीकडची खिडकी द्या,” कानाए म्हणाली.