बाबांच्या मापाची गाडी

मे महिन्यातल्या भर दुपारी, जालना रोडवर आकाशवाणीच्या अलीकडे आमची जुनी गाडी बंद पडली. मागच्या सीटवर डायलिसिस करून आलेले बाबा होते. बाहेर आग ओकणारं ऊन, आणि ते मात्र थंडीनं कुडकुडत होते. मी चावी फिरवत होते... पुन्हा पुन्हा.

तेवढ्यात एक मोटारसायकल बाजूला थांबली. हेल्मेट काढत तो म्हणाला, “मॅडम, आधी काय करू? गाडी ढकलू का काकांना उचलू?”

“बाबांना,” मी म्हणाले.

त्यानं बाबांना अलगद उचललं, रसवंतीच्या सावलीत बाकावर टेकवलं, आपला रुमाल ओला करून त्यांच्या कपाळावर ठेवला. रिक्षा मिळवून दिली. मी आभार मानायला वळले, तर हा गडी आमची गाडी एकटाच ढकलत कडेला नेत होता.

मेकॅनिकनं दुसऱ्या दिवशी बॉनेट उघडलं आणि लगेच मिटलं. “ताई, हिच्यात आता जीव नाय.”

आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी वाळूजला औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये. आठवड्यातून तीनदा बाबांना न्यायचं-आणायचं. त्यांचा डावा गुडघा वाकत नव्हता, रिक्षात चढताना ते ओठ चावायचे. गाडी घेणं भागच होतं.

आठ दिवसांनी शोरूममध्ये गेले, तर टाय लावलेला एक सेल्समन हसत पुढे आला.

“तुम्ही?”

“व्हय, मीच. टायमुळं ओळखलं नाय ना? घरचे पण ओळखत नाय.” त्याच्या छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, कृष्णा. वेरूळजवळच्या एका खेड्यातला. “काका कसे आहेत?”

रंग, मायलेज, हप्ते... त्यातलं त्यानं काहीच काढलं नाही. खिशातून मोजपट्टी काढली. “काकांच्या खुर्चीची उंची किती? सीट तेवढीच पायजे. उंच असली तर चढवणार नाय, खाली असली तर उठवणार नाय.”

पहिल्या रविवारी तो ट्रायलची गाडी घेऊन थेट सिडकोतल्या आमच्या घरी आला. ती उंच निघाली. दुसऱ्या रविवारची इतकी बुटकी, की बाबा बसले आणि त्यांना बाहेर काढता काढता आम्हा दोघांना घाम फुटला. शेजारी गॅलरीत उभे राहून बघत होते. बाबांनी मान खाली घातली. कृष्णा मात्र तापलेल्या फरशीवर गुडघे टेकून, त्यांची टाच तळहातावर धरून, पाय इंचाइंचानं बाहेर घेत होता. आपल्या माणसाचं दुखणं परक्यानं इतक्या हळुवारपणे हाताळलं की काय होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

गाडीच्या टपावरून आमची नजर भिडली.

“असं बघू नका,” तो पुटपुटला, “माझी मापं चुकतात.”

“मग नका घेऊ मापं.”

“मग येऊ कशाला?”

त्या आठवड्यात डोळा लागताना मला मोजपट्टी धरलेली त्याची बोटं आठवत राहिली. बाबांचं डायलिसिस सुरू झाल्यापासूनच्या चार वर्षांत पहिल्यांदाच मी रविवारची वाट बघत होते... आणि त्याची मला लाजही वाटत होती.

तिसरी गाडी जमली. बाबा पाठ टेकून, पाय सरळ ठेवून बसले. लष्कराच्या छावणीतल्या झाडांखालून आम्ही फेरी मारली. मी तिथंच बुकिंग करून टाकलं.

घरी आल्यावर बाबा शांतपणे म्हणाले, “गाडी चांगली आहे, मृण्मयी. पण मी आता जाणार नाही.”

“कुठे?”

“सुया टोचून घ्यायला. चार वर्षं गेलो. पुरे.”

मी ओरडले, रडले, दोन दिवस बोललेच नाही. डॉक्टरांनी त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं आणि शेवटी मला बाजूला घेऊन सांगितलं, “निर्णय त्यांचा आहे. आठ-दहा दिवस मिळतील.” मी तिथून तडक शोरूम गाठली.

“गाडी उद्याच्या उद्या हवी.”

कृष्णानं माझ्याकडे पाहिलं. काय झालं ते मी धापा टाकत सांगितलं; गाडी दारात आली की बाबा पुन्हा निघतील, असंही. त्यानं खुर्ची पुढे ओढून मला बसवलं.

“मॅडम... ही गाडी काकांसाठी घेताय, का तुमच्यासाठी?”

“तुम्हाला गाडी विकायची नाहीये का?”

“तुम्हाला नाय.” तो टायची गाठ सैल करू लागला. “माझी आई म्हणत व्हती, घरीच ठेवा रे मला. मी ऐकलं नाय. तिला घेऊन पळत राहिलो. रस्त्यातच गेली ती.”

तो खाली मान घालून म्हणाला, “मी संध्याकाळी येतो. गाडी नाय आणत. नुस्ता बसतो.”

तो रोज आला. बाबांची दाढी करायचा, पेपर वाचून दाखवायचा. बाबा दिवसेंदिवस झोपेत बुडत चालले होते. जागे असले की मात्र जीभ तीच, पूर्वीची तिखट. एकदा मी चहा घेऊन येत होते, तर आतून बाबांचा आवाज आला.

“कृष्णराव, आमची मुलगी तुम्हाला आवडते.”

“...व्हय, काका.”

“तुमच्या घरी चालेल?”

“भांडणं व्हतील.”

“इथंही झाली असती. मी धडधाकट असतो तर मीच केली असती,” बाबा थांबून थांबून म्हणाले. “आता ताकद नाही. तेवढा तुमचा फायदा.”

मी दाराबाहेर उभी राहिले. चहा गार झाला.

दहाव्या दिवशी सकाळी, मी त्यांची उशी सरळ करत असताना बाबा गेले. काहीच आवाज झाला नाही.

बाबांचे दिवस झाल्यावर मी बुकिंग रद्द करायला गेले. कृष्णानं फॉर्म भरला, मी सही केली. काचेपलीकडे नव्या गाडीला हार घालून एक कुटुंब फोटो काढत होतं. मला रडूही येत नव्हतं. आत सगळं कोरडं... ठणठणीत कोरडं.

तो माझ्यामागोमाग बसथांब्यापर्यंत आला.

“तुम्ही मला आवडता,” तो रस्त्याकडे बघत म्हणाला. “काकांनी विचारलं म्हणून नाय. ही सांगायची वेळ नाय, ठाऊक आहे...”

“माझ्याकडे आत्ता कुणाला द्यायला काहीच नाही, कृष्णा.”

“मी मागत नाय.”

“पुढेही असेल की नाही, सांगता येत नाही.”

“नसू द्या.”

सिटी बस आली. “जा,” तो म्हणाला, “उशीर व्हईल.”

“कुणाला?”

घरी वाट बघणारं आता कुणी नव्हतं, आणि ते आम्हा दोघांनाही एकदमच कळलं. त्याचे डोळे भरले. माझ्या वाट्याचं तो रडत होता की काय, कोण जाणे.

मी पायरीवर चढले. दांडा धरून मागे वळले.

“उद्या येशील?”

त्यानं चमकून वर पाहिलं. “काय म्हणालात?”

“ऐकलंस तू.”

दार बंद झालं. काचेतून तो मान हलवताना दिसला... आणि मग मला रडू आलं.