आक्काची पकड

जेवणाची भांडी आवरून रोहिणीने मनगटाला मनराखी बांधली आणि वाचनपाटी मांडीवर घेतली. मनराखी म्हणजे साधी रबरी पट्टी. ती नाडी ओळखते आणि वाचणारा घाबरला की पाटीवरचं पुढचं वाक्य त्याला सोसेल इतकं मवाळ करते. खऱ्या गुन्ह्यांची पुस्तकं वाचून लोकांची झोप उडायला लागली, तेव्हापासून मनराखीशिवाय ती उघडेनातच. सांगलीकरांनी आधी नाकं मुरडली, मग सवय झाली.

आजच्या पुस्तकातलं एक प्रकरण रोहिणीच्या थोरल्या बहिणीचं होतं. वैजयंता मगदूम, कबड्डीची खेळाडू. नागपूरच्या एका वसतिगृहात मुलींना शिकवायची. तिथेच चोरीला शिरलेल्या माणसाने तिला सुऱ्याने मारलं. रोहिणी तेव्हा शाळेत होती. "झोपेतच गेली," एवढं सांगून वडिलांनी, आण्णांनी, घरात तो विषय कायमचा बंद केला. रोहिणीला ते कधी पटलं नाही. मांजर पलीकडून गेलं तरी आक्का जागी व्हायची. तेव्हापासून रोहिणीचा जीव कायम टांगणीला. दाराची कडी लावूनही ती परत जाऊन बघायची.

वाचताना तिचे तळहात भिजले. छाती धडधडू लागली. पाटीवर वाक्य उमटलं, 'वैजयंताला काही कळलंच नाही. ती झोपेतच गेली.' म्हणजे आण्णा खरं बोलत होते. ती पदर तोंडाला लावून रडली.

चहाच्या वेळी नवरा, भरतेश, सहज म्हणाला, "तुझ्या आक्कानं काय घोटा धरला होता गं त्याचा. मी दोनदा वाचलं."

"कसला घोटा?"

भरतेश गडबडला. हा माणूस भूकंपातही चहा फुंकून प्यायचा. मनराखीने त्याला एक अक्षर बदलून दिलं नव्हतं.

"अहो, तुम्ही बांधा ती. पाटी धरा. मी तुमच्या खांद्यावरून वाचते."

"सोसेल तुला?"

"न सोसायला काय झालं? माझीच बहीण आहे ना."

तो शांत बसला, ती वाचू लागली. आक्का जागी होती. चोर सुरा घेऊन मुलींच्या खोलीकडे वळला तेव्हा तिने खाली झेप घेऊन त्याचा घोटा धरला. रोहिणीला हुंदका आला, आणि तिच्या डोळ्यांदेखत वाक्यं विरघळायला लागली. 'धरला'चं 'धरला असावा' झालं.

"रडू नकोस, बाई," भरतेश कळवळून म्हणाला. "तू रडलीस की माझी धडधड वाढते."

रोहिणीने ओठ दातांखाली दाबले. उभ्या आयुष्यात ती रडू गिळायला शिकली नव्हती, आज शिकली. हळूहळू अक्षरं जागेवर आली. त्याने वार केले, तरी आक्काने घोटा सोडला नाही. मुली गच्चीवरून उतरून पलीकडे गेल्या. सगळ्या वाचल्या. माणसं धावून आली तेव्हा तो तिथेच अडकलेला सापडला. आक्का गेली होती, पण तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

रोहिणी ताठ उभी राहिली. अभिमानाने तिचा ऊर भरून आला होता. "धरून ठेवलं तिनं," ती म्हणाली. "अहो, माझ्या आक्कानं त्याला धरून ठेवलं."

भरतेशने मान हलवली. त्याचेही डोळे भरले होते, त्यामुळे पाटीवर आता भलतंच काहीतरी गोड गोड उमटत होतं.

रोहिणीने पाटी पालथी घातली. एकट्यादुकट्या राहणाऱ्या, रात्री कडी परत तपासणाऱ्या कितीतरी बायका हे पुस्तक वाचत असतील. त्या घाबरणार, म्हणून त्यांना झोपलेली आक्का मिळणार, आणि ज्यांचं काळीज हलत नाही त्यांना लढलेली.

"पण अहो," तिने विचारलं, "त्या लढलेल्या आक्काची खरी गरज कुणाला आहे?"