निघोज्यातला गार धूर

"माझा नवरा चोर नाही," खुर्चीत बसायच्या आधीच मुमताज म्हणाली. "पण हे आता मी एकटीच म्हणतेय."

शफीनं तिच्यापुढं पाणी ठेवलं. निगडीच्या बसस्थानकामागची ती कचेरी रश्मी वाघमारेची. पूर्वी ती कॉलेजात न्यायदर्शन शिकवायची. ते सोडून तिनं खासगी तपासाचं काम धरलं. शफीनं भोसरीतलं गॅरेज मुलाच्या हवाली केलं आणि तो तिच्याबरोबर हिंडू लागला. न्यायदर्शन म्हणजे वकिली, असंच त्याला बरेच दिवस वाटत होतं. "खरं ज्ञान कुठल्या वाटेनं येतं आणि वाटेत कुठं फसतं, त्याचं जुनं शास्त्र," असं रश्मीनं एकदा समजावलं, तेव्हा त्यानं नुसती मान हलवली होती.

मुमताजचा नवरा नुमान निघोज्यातल्या साच्यांच्या कारखान्यात वेल्डर होता. परवा दुपारी शेडमध्ये धूर झाला. सगळे बाहेर पळाले, नुमान मात्र आग शोधायला आत धावला. धूर विरला तेव्हा कपाटातल्या पेटीतून 'मास्टर' गायब होता. मास्टर म्हणजे ज्याच्यावरून पुढचा प्रत्येक साचा तपासायचा, तो नारळाएवढा पोलादी नमुना.

"उद्या मालक पोलिसांत जाणार आहेत," मुमताज म्हणाली. "दिघीत आमच्या गल्लीत आजपासूनच आमच्याशी कुणी बोलेना."

निघोज्याला जाताना गाडीत शफी मनाशी हिशोब मांडत होता. आत एकटा नुमान, धूर त्याच्याच कोपऱ्यातून निघालेला. दुसरं कोण असणार? पण मुमताजच्या तोंडाकडं पाहून त्याला हे बोलवलं नाही.

मालक विलास ढोरे गेटवरच भेटले. "गेटवर प्रत्येकाची झडती घेतली, शेड पालथी घातली. सापडलं काय? नुमानच्या कोपऱ्यात जळका बोळा! नवं खातं त्याच्याच हाती देणार होतो मी, बाई."

"हे कुणाला माहीत होतं?" रश्मीनं विचारलं.

"सगळ्यांना. माझ्या भाच्याला तर मीच सांगितलं. धनेश, सुपरवायझर. धूर निघाला तेव्हा तो माझ्याबरोबर इथंच चहा पीत होता. त्याच्या थोडंच आधी मास्टर कपाटात पाहिला होता, असं तो म्हणाला."

शफीनं हत्यारांच्या खोलीला लागून असलेला नुमानचा कोपरा पाहिला. सुती चिंध्यांचा बोळा जळून कोळसा झाला होता. मागची चुन्याची भिंत पांढरीशुभ्र. त्यानं ते रश्मीला सांगितलं. ती म्हणाली, "हं."

तपासणीच्या टेबलावर विजयश्री होती, निघोज्याचीच. "हत्यारांच्या खोलीच्या दाराखालून पांढरा लोट आला. पायाला गारच लागला. आमी आग, आग करत पळालो."

"ठसका लागला?"

"न्हाई."

"मास्टर शेवटचा कधी पाहिलात?"

"पेटी पाहिली की कपाटात. झाकण लावल्याली." ती थांबली. "त्या दिशी समदं उलटंच. साच्याच्या भोकात बुश, म्हंजे पोलादी नळी, बसवायचं काम राहिलं. कोरड्या बर्फात गारठवला की बुश आकसतो, मंग भोकात बसतो. धनेशभाऊ म्हणाले, बर्फ संपला. सकाळीच तर खोका भरून आलता."

धनेश पुढं झाला तो बोलतच. "दारापर्यंत धावलो मी. डोळे झोंबत होते, घसा जळत होता. खोकून खोकून जीव गेला."

नुमानला घरून बोलावून घेतलं होतं. तो नजर वर करेना. "मला आग सापडलीच नाही मॅडम. हत्यारांच्या खोलीत पायाला बादली लागली, कोमट पाणी सांडलं. बस."

रश्मीनं त्या चौघांना हत्यारांच्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"आमच्या शास्त्रातलं जुनं उदाहरण आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथं आग आहे. अनुमान पक्कं. पण आधी तो धूरच हवा. धुकं असेल तर? मग सगळी इमारत ढासळते. इथं तेच झालं. धूर वर चढतो, हा जमिनीवरून वाहिला. धूर गार नसतो. बोळ्यामागच्या भिंतीला काजळी नाही, विजयश्रीताईंना ठसका नाही. कोरडा बर्फ म्हणजे गोठवलेला वायू; तो कोमट पाण्यात टाकला की असाच लोट उठतो, आणि मागं उरतं फक्त पाणी."

"पण बोळा जळलाय की," विलास म्हणाले.

"दुसरीकडं जाळून आणून ठेवला. त्या कोपऱ्यातच जळला असता तर भिंत बोलली असती. आता मास्टर. धुराआधी तो होता हे कशावरून? ताईंनी पेटी पाहिली, मास्टर नाही. मास्टर पाहिला असं सांगणारा एकच. आणि शब्दावर विश्वास ठेवायचा तर सांगणारा विश्वासाचा हवा. गार वाफेनं ज्याचा घसा जळाला, त्याला मी तसा मानणार नाही. मास्टर आधीच काढला होता. बादलीत बर्फ टाकून, लोट दाराबाहेर यायच्या आधीच माणूस मामांसोबत चहाला जाऊन बसला, म्हणजे चोरीची वेळ धुराची ठरावी आणि तो सर्वांसमोर असावा."

धनेश हसला. "मग मास्टर आहे कुठं?"

"गेटवर झडती होती, म्हणजे आतच. बर्फ संपला म्हटल्यावर बर्फाचा रिकामा खोका कोण उघडणार? रिकामा आहे, असं सगळ्यांनी मानलं. पाहिलं कुणी?"

शफीनं कोपऱ्यातल्या खोक्याचं झाकण उचललं. चिंध्यांत गुंडाळलेलं पोलाद चमकलं.

धनेश मटकन स्टुलावर बसला. "मामा, सख्ख्या भाच्याला सोडून वेल्डरला खातं दिलंत…"

विलासरावांनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. नुमानच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "झालं गेलं विसर. उद्यापासून ये."

नुमाननं हात बाजूला केला.

"साहेब, मला चोर म्हणालात ते अख्ख्या शिफ्टसमोर. दार लावून विसरायचं कसं?"

विलासरावांनी दार उघडलं आणि ते शेडमध्ये आले. मग त्यांनी स्वतःच मुख्य कळ ओढली. एकेक यंत्र घरघरत थांबलं, माणसं हात पुसत गोळा झाली. मुमताज दारात येऊन उभी राहिली.

"ऐका रे," विलास म्हणाले. मागच्या माणसांपर्यंत आवाज पोचला नाही. ते पुन्हा मोठ्यानं म्हणाले, "ऐका. चूक माझी आहे."